पेजमेकर सोडायचंय, मग जायचं कुठे: क्वार्क, इनडिझाइन की स्क्रायबस?

संगणकावर पुस्तक-मासिकाची पानं लावायच्या, म्हणजे डीटीपीच्या, या चार प्रोग्रामांचा आधी निकाल सांगतो, खटला मागून. डीटीपीची नोकरीच करायची असेल तर इनडिझाइन शिका. घरचे पैसे घालून वर्षाला एखाद-दुसरं पुस्तक नाहीतर मंडळाची स्मरणिका काढणार असाल तर स्क्रायबस १.६ लावून बघा. क्वार्क फक्त तेव्हाच, जेव्हा जिथे काम करणार तिथे आधीपासून क्वार्कच चालतंय. आणि पेजमेकरवर नवीन काम घेऊ नका, हात कितीही बसलेला असला तरी. लग्नपत्रिका नि फ्लेक्सवाल्यांचा संसार कोरल या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये सुखाने चाललाय, त्यांना यात ओढत नाही. पण एक आहे, मराठीत सॉफ्टवेअर निवडायच्या आधी मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक) आहे का जुन्या फॉन्टमध्ये (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले) हे बघावं लागतं, अर्धा निर्णय तिथेच होतो.

पेजमेकर १९८५ च्या जुलैत मॅकिंटॉशवर आलं. सिॲटलची आल्डस नावाची कंपनी, संस्थापक पॉल ब्रेनर्ड, आणि ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हे नाव त्यानेच रूढ केलं, म्हणजे आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानाच्या पाटीवर जे डीटीपी लिहिलेलं असतं त्याचा मूळपुरुष हाच. कंपनीचं नाव व्हेनिसच्या आल्डस मनुशियस या जुन्या मुद्रकावरून घेतलेलं. नुसत्या पेजमेकरने काही झालं नसतं म्हणा, त्याच वर्षी ॲपलचा लेझररायटर प्रिंटर आला, किंमत ६,९९५ डॉलर, आणि त्याच्या पोटात प्रिंटरला पान समजावून सांगणारी ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा होती, त्यामुळे स्क्रीनवर लावलेलं पान कागदावर तसंच्या तसं उतरायला लागलं. तोवर खिळे जुळवा नाहीतर फोटोटाइपसेटिंगच्या पट्ट्या कापून चिकटवा एवढेच मार्ग होते. १९८७ ला पेजमेकर पीसीवर आलं, १९९४ ला ॲडोबीने आल्डसच विकत घेतली, शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ ची आणि २००४ ला ॲडोबीने पुढचं काम थांबवलं. हिशोब करा, किती वर्षं झाली, आणि अजून कितीतरी छापखान्यांत ते रोज उघडतं. सीडी कुठून आली ते विचारायचं नसतं.

का टिकलं, तर शिकायला सोपं. टेबलावर कागद पसरून कात्री-गोंद घेऊन पान लावायची जी पद्धत होती तीच जशीच्या तशी स्क्रीनवर आणली होती. पानाबाहेरची मोकळी जागा सगळ्या पानांना सामाईक, म्हणजे एखादी जाहिरात उचलून बाजूला ठेवली आणि चाळीसाव्या पानावर गेलात तरी ती तिथेच दिसते, उचला आणि टाका. इनडिझाइनमध्ये प्रत्येक जोडपानाची बाहेरची जागा वेगळी असते, पेजमेकरवाले तिकडे गेले की पहिले दोन दिवस याच गोष्टीवरून शिव्या घालतात. मजकूर ओतायचा, ब्लॉकच्या खालच्या कडेला लाल त्रिकोण दिसला की समजायचं अजून शिल्लक आहे, त्यावर क्लिक करून पुढच्या पानावर ओतायचा. एवढं जमलं की माणूस दिवाळी अंक लावायला मोकळा.

आणि का सोडायचं? अनडू फक्त एकदाच होतं. एकदाच! रात्री प्रूफं दुरुस्त करताना दोन पावलं मागं जायचं असेल तर शेवटचं सेव्ह केलेलं परत उघडायचं, बाकीची मेहनत गेली. टेबल बनवायला वेगळाच छोटा प्रोग्राम, पारदर्शकता नाही, मॅकवर तर ओएस टेन या ॲपलच्या नव्या प्रणालीसाठी ते कधी आलंच नाही, विंडोजवर जुगाड करून चालतं पण पुढच्या अपडेटला चालेल का याची हमी देणारं कुणी नाही. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे युनिकोड देवनागरी त्याला कळतच नाही. आपल्याकडे पेजमेकर चाललं ते श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम या जुन्या फॉन्टांत मराठी टाइप करायच्या सॉफ्टवेअरांच्या जिवावर.

आता क्वार्क. डेन्व्हरची कंपनी, टिम गिल वगैरेंनी १९८१ ला काढलेली, क्वार्कएक्सप्रेस १९८७ ला मॅकवर आणि १९९२ ला विंडोजवर. नव्वदच्या दशकात मोठी मासिकं आणि वर्तमानपत्रं म्हणजे क्वार्क हे जगभर समीकरणच होतं. पेजमेकर जिथे ‘नजरेने बसव’ म्हणायचं तिथे क्वार्क ‘आकडा सांग’ म्हणायचं, प्रत्येक चौकट अगदी बारीक मापापर्यंत आकड्यात बसवता यायची, शिवाय एक्सटेन्शन नावाची बाहेरच्या कंपन्यांची जोडसाधनं घेऊन त्याला पाहिजे ते शिकवता यायचं. मॅकवर एक गंमतही होती, ठराविक चार बटणं एकदम दाबून चौकट डिलीट केली की स्क्रीनवर एक परग्रहवासी चालत यायचा आणि बंदुकीने ती चौकट उडवायचा. १९९८ ला तर क्वार्क ॲडोबीलाच विकत घ्यायला निघाली होती, इतका माज! मग झालं काय, ॲपलने ओएस टेन आणली, २००२ ला आलेलं क्वार्क ५ त्यावर सरळ चालत नव्हतं, ते यायला क्वार्क ६ म्हणजे २००३ उजाडलं, आणि युनिकोड नि ओपनटाइप ही फॉन्टची नवी पद्धत आले थेट क्वार्क ७ मध्ये, २००६ ला. तोपर्यंत इनडिझाइन २.० ने ओएस टेनवर दुकान मांडलेलं होतं. गिऱ्हाईक गेलं ते परत आलं नाही. प्रोग्राम आजही विकला जातो आणि वाईट बिलकुल नाही, पण तुमच्या जिल्ह्याच्या गावात क्वार्क येणारा ऑपरेटर शोधा, मग बोलू. उद्या ऑपरेटर सोडून गेला तर पुढचा कुठून आणणार, हा प्रश्न लहान प्रकाशकाला फीचरपेक्षा मोठा असतो.

इनडिझाइनची सुरुवात आल्डसमध्येच झाली होती, ॲडोबीने कंपनी घेतली तेव्हा हे अर्धवट पोरही पदरात आलं, आणि १९९९ च्या ऑगस्टअखेर पहिली आवृत्ती निघाली. तेव्हा त्याला सगळे ‘क्वार्क-किलर’ म्हणत होते पण १.० काही कुणाला मारण्याच्या लायकीचं नव्हतं, मशीन धापा टाकायची. पुढे जमलं. फोटोशॉपची फाइल थेट आत, पीडीएफ थेट बाहेर, अनडू पाहिजे तितके, टेबल आतच, तळटीपा, अनुक्रमणिका आपोआप. आणि शॉर्टकटमध्ये पेजमेकर ७ आणि क्वार्क ४ चे संच आधीच भरून दिलेले, म्हणजे शत्रूच्या सैनिकांना तयार गणवेशच शिवून ठेवला.

पण आपल्या कामाचं वर्ष २०१२. इनडिझाइनच्या सीएस६ आवृत्तीत मराठीसकट दहा भारतीय भाषांचं स्पेलिंग नि हायफनेशन आलं, ॲडोबी देवनागरी फॉन्टही सोबत दिला. यात एक गोम आहे आणि निम्मे लोक तिथेच हरून ‘इनडिझाइनला मराठी येत नाही’ म्हणून परत पेजमेकर उघडतात. तुम्ही व्हॉट्सॲपवरून आलेला मजकूर पेस्ट करता आणि ‘विद्यार्थी’ची पहिली वेलांटी व च्या उजवीकडे जाऊन बसते, द्य चा पाय मोडून हलन्त दिसतो, रफार हवेत. घाबरायचं नाही. पॅराग्राफ स्टाइल उघडा, जस्टिफिकेशनच्या भागात कंपोझर म्हणून एक चौकट आहे तिथे ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा, भाषा मराठी करा, ओके. सगळं जागेवर. हे स्टाइलमध्येच करा, नुसतं सिलेक्ट करून केलंत तर पुढच्या पेस्टला पुन्हा तेच रामायण.

हा पॅराग्राफ कंपोझर काय करतो तर ओळ तोडताना एकेका ओळीचा विचार न करता पूर्ण परिच्छेद बघतो. इंग्रजीत फरक बारीक दिसतो, मराठीत डोळ्यात भरतो, कारण आपले शब्द लांब. दोन कॉलमचं पान आहे आणि ओळीच्या शेवटी ‘जिल्हाधिकाऱ्यांच्यासुद्धा’ असा शब्द आला तर तो अख्खा खाली उतरतो आणि वरच्या ओळीत तीन शब्द हातभर अंतरावर उभे राहतात. पेजमेकरमध्ये ते एकेक करून हाताने दाबून बसवावं लागतं. इथे मराठी हायफनेशन चालू ठेवलं की बरंचसं आपलं आपण जुळतं.

पैशाचं मात्र दुखणं आहे. २०१३ पासून ॲडोबीने वर्गणी लावली, पैसे भरणं थांबलं की प्रोग्राम बंद, फाइल तुमची पण किल्ली त्यांच्याकडे. म्हणून काम संपलं की प्रत्येक फाइलची आयडीएमएल (इनडिझाइनचाच, पण दुसरीकडेही उघडणारा फाइलप्रकार) प्रत काढून ठेवा, जुन्या आवृत्तीत पण उघडते आणि स्क्रायबसही ती बऱ्यापैकी वाचतं. महिन्याला चार-पाच पुस्तकं लावणाऱ्याला वर्गणी परवडते, वर्षाला एक स्मरणिका काढणाऱ्याने ती का भरावी?

त्याच्यासाठी स्क्रायबस. फुकट, मुक्तस्रोत, फ्रान्झ श्मिडने २००१ च्या सुमाराला सुरू केलेलं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालतं. छापखान्याला लागणाऱ्या गोष्टी म्हणजे सीएमवायके (छपाईचे चार रंग), कलर प्रोफाइल, पीडीएफ-एक्स (छपाईसाठीची पीडीएफ) या त्यात पहिल्यापासून चांगल्या आहेत, स्क्रायबसची पीडीएफ सीटीपीवाला, म्हणजे संगणकावरून थेट छपाईची प्लेट काढणारा, सहसा परत पाठवत नाही. जुन्या १.४ मध्ये देवनागरीचे हाल होते, जोडाक्षरं तुटायची, त्यामुळे ‘स्क्रायबसमध्ये मराठी चालत नाही’ ही जी दंतकथा आहे ती तेव्हाची. १.५ च्या मालिकेत अक्षरजोडणीचं इंजिन बदललं आणि १ जानेवारी २०२४ ला स्थिर १.६.० आलं, त्यात मराठी नीट बसते. दोष सांगायचे तर टेबल लंगडं, लांब मजकूर एका साखळीत ओतला की रेंगाळतं, म्हणून प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी ठेवणं शहाणपणाचं. आणि बाजारात स्क्रायबस येतं म्हणून नोकरी देणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

फॉन्टचं एक इनडिझाइन नि स्क्रायबस दोघांनाही लागू. मराठी वळणाचा ल आणि श पाहिजे असेल तर भाषेच्या सेटिंगवर भरवसा ठेवण्यापेक्षा ज्याचं मूळ वळणच मराठी आहे असा फॉन्ट घ्या, टिरो देवनागरी मराठी फुकट मिळतो आणि पुस्तकाच्या मजकुराला छान दिसतो. शीर्षकांना मुंबईच्या एक टाइपचे मुक्त, बालू आहेत, तेही फुकट.

बाकीच्यांचं थोडक्यात. अफिनिटी पब्लिशर २०१९ ला आलं, दिसायला देखणं, पण दुसऱ्या आवृत्तीपर्यंत त्याला देवनागरी जोडाक्षरं जमत नव्हती. २०२४ ला कॅनव्हाने कंपनी घेतली आणि २०२५ ला नवीन अफिनिटी फुकट केलं, तेव्हा ‘दुसऱ्या’ आणि ‘विद्यार्थी’ हे दोन शब्द टाइप करून बघा, नीट दिसले तरच पुढे जा. मायक्रोसॉफ्ट पब्लिशर तर ऑक्टोबर २०२६ ला बंद करणार असं कंपनीनेच सांगितलंय, त्यामुळे तिकडे जाऊच नका.

राहिला जुन्या फायलींचा ढिगारा. पेजमेकर ६ आणि त्यापुढच्या फायली इनडिझाइन सीएस६ पर्यंतच उघडतात, वर्गणीवाल्या आवृत्त्यांनी तो दरवाजा बंद केला. स्क्रायबस पेजमेकरची फाइल उघडायचा प्रयत्न करतं, मांडणी अंदाजे येते. पण मांडणी आली तरी मजकूर जुन्या फॉन्टचाच, म्हणजे फॉन्ट बदलला की इंग्रजी अक्षरांची खिचडी, शोध चालत नाही, ईबुक होत नाही. तेव्हा चालू मशीनवर पेजमेकर आहे तोवरच एकेक मजकूर बाहेर काढा आणि कन्व्हर्टरमधून युनिकोड करा. त्यानंतर तीन गोष्टी डोळ्यांनी तपासायच्याच: पहिली वेलांटी, कारण जुन्या फॉन्टांत ती अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, रफार, कारण तो नंतर असतो, आणि ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ मधला अर्धा र, जो हमखास रफार होऊन ‘दुसर्या’ असा बाहेर पडतो. ऱ्या साठी शोधा-बदला एकदम मारू नका, ‘सूर्या’, ‘भार्या’ सुद्धा बदलतील, एकेक बघून करा. आणि ज्या फॉन्टमध्ये ते काम केलं होतं त्याच्या फायलीसुद्धा त्याच फोल्डरमध्ये ठेवा, फॉन्ट हरवला तर कन्व्हर्टरला कुठला तक्ता लावायचा ते सांगणारं कुणी उरत नाही.