चिलर अर्ध्या एचपीचा, कंप्रेसर फ्रिजचा : रीफ टँकच्या नावाखाली झालेली फसवणूक

नागपुरात खाऱ्या पाण्याचा मोठा टँक (कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायचा रीफ टँक) लावायचा विचार असेल आणि कुणी "पूर्ण सेटअप कमी बजेटमध्ये लावून देतो" म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे एक लाख चाळीस हजार गेले. त्यातले किती परत मिळतील ते आज सांगता येत नाही, पण तो माणूस अजून शहरात ऑर्डरी घेतोय, म्हणून लिहितोय.

टँक पाच बाय दोन बाय दोन फुटांचा. म्हणजे साधारण 565 लिटर पाणी, खालच्या संपचं, म्हणजे फिल्टरच्या टाकीचं, वेगळं. आरओच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास सॉल्ट मिक्स घालायचं, म्हणजे पहिल्या भरणीलाच वीस किलोच्या वर मीठ. एवढा हिशोब कुणीही करून देतो. मुंबईतल्या लोकांचे व्हिडिओ बघून काढलेलं बजेट नागपुरात कोसळतं ते चिलरपाशी, म्हणजे टँकचं पाणी थंड करणाऱ्या यंत्रापाशी. कोरलला पाणी 25-26 अंशांवर लागतं. ते तिशीच्या वर जाऊन तिथेच राहिलं, तर कोरल आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे. टँकवर पंखे लावून पाणी थंड ठेवायचा स्वस्त उपाय कोरड्या हवेत चालतो, पण आपल्या घरात उन्हाळाभर कूलर सुरू असतो. खोलीची हवा दमट झाली की बाष्पीभवन मंदावतं आणि पंख्याचा उपयोग राहत नाही. चिलरशिवाय गत्यंतर नाही आणि बजेटमधली सगळ्यात मोठी रक्कम त्यालाच लागते. त्यामुळे फसवणाराही तिथेच हात मारतो.

या माणसाचं बोलणं जाणकाराचं होतं. घरी आला, टेपने भिंत मोजली, "नुसतं पाणीच सहाशे किलोच्या घरात जाईल, स्टँड बीमच्या रेषेत घ्या" म्हणाला. ते बरोबरच होतं. स्किमरवर, म्हणजे पाण्यातला कचरा फेसातून काढणाऱ्या यंत्रावर, लिहिलेले लिटर अर्धेच धरायचे, हेही त्यानेच सांगितलं. तेही बरोबर. मग कोटेशन आलं : चिलर अर्धा एचपी, स्किमर 1000 लिटर, 300 वॉटच्या दोन एलईडी लाइट, आरओ-डीआय युनिट (पाण्यातले क्षार पूर्ण काढणारा फिल्टर). एकाही वस्तूपुढे कंपनी किंवा मॉडेल नाही, सगळीकडे 'इम्पोर्टेड'. विचारलं तर म्हणाला, "सर, कंपनी लिहिली की ड्युटीसकट भाव लावावा लागतो. आपण डायरेक्ट माल आणतो." बिल मागितलं तेव्हा "नंतर पाठवतो" झालं, ते आजतागायत आलेलं नाही.

सेटअप लागला फेब्रुवारीत आणि पूर्ण रक्कमही त्याने तेव्हाच घेतली. त्या दिवसांत नागपुरात चिलरला फारसं काम नसतं. जरा वेळ चालून बंद पडायचा, आकडा 25.5 वर स्थिर. एप्रिल लागला आणि चिलर बंद पडेना. रात्रंदिवस घरघर, पाणी 29, मग 30. फोन केला की एकच उत्तर : "खोलीत एसी लावा, चिलर एकदम ओके आहे."

शेवटी महालातल्या एका जुन्या फ्रिज मेकॅनिकला घरी बोलावलं. त्यांनी वायरचं वरचं आवरण सोलून एक तार वेगळी काढली आणि तिच्याभोवती क्लँप मीटर लावला. 0.8 अँपिअर. पुन्हा लावून बघितला, तेवढाच. मग जाळी उघडली, कंप्रेसरवरचं चकचकीत स्टिकर नखाने उचकटलं. खाली कंपनीची मूळ पट्टी होती, तिच्यावर 1/6 एचपी. "भाऊ, हा तर फ्रिजचा कंप्रेसर हाय. अर्धा एचपीवाला दोन-अडीच अँपिअर तरी खाते. याच्यानं एवढं पाणी थंड होत नसते," ते म्हणाले. हे सगळं त्यांच्याकडून लिहून, सही घेऊन ठेवलं.

त्यानंतर बाकीचं सामान तपासलं. लाइटच्या प्लगला वॉटमीटर लावला तर पूर्ण उजेडावर 105 वॉट. या 300 च्या आकड्याची मेख अशी, की आतल्या एलईडींची संख्या गुणिले प्रत्येक एलईडीची कागदावरची ताकद असा तो काढलेला असतो. प्रत्यक्षात दिवा एवढी वीज घेतच नाही. नरम कोरलला असा उजेड चालूनही जाईल, पण भरपूर उजेड लागणाऱ्या ॲक्रोपोरासारख्या कोरलसाठी 300 च्या भरवशावर दोनच दिवे घेतले तर ती जगणार नाहीत.

आरओ-डीआयचा प्रकार मला सगळ्यात वाईट वाटला. रीफसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य यायला हवं, माझ्याकडे 40 च्या वर येत होतं. उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनच्या जागी घरगुती फिल्टरमधलं मिनरल कार्ट्रिज बसवलं होतं, म्हणजे स्वच्छ केलेल्या पाण्यात क्षार परत मिसळणारं. शिवाय टीडीएस ॲडजस्टर उघडा, त्यातून थोडं कच्चं पाणी थेट मिसळत होतं. पिण्यासाठी ते ठीक आहे. टँकमध्ये त्याच पाण्यातून फॉस्फेट, नायट्रेट, सिलिकेट साचत जातात आणि दगडांवर तपकिरी शेवाळाचा थर चढतो. तो चढलाच. दोन क्लाउनफिश मी बहिणीकडे धरमपेठेत एसीच्या खोलीत लहान टँकमध्ये हलवले, ते वाचले.

पैसे परत मागितल्यावर त्याने जे केलं, ते नीट लक्षात घ्या. सुरुवातीला त्याने रामेश्वरमहून लाइव्ह रॉक (जीवजंतू वाढलेले समुद्रातले दगड) आणि कोरल आणून द्यायची तयारी दाखवली होती. मी नको म्हणून कोरडे दगड घेतले. आता म्हणतो, "कोरलचा विषय चॅटमध्ये आहे सर, वनखात्यात गेलं तर तुम्हीच अडकाल." 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रीफ बांधणारी सगळी कठीण कोरल अनुसूची 1 मध्ये आहेत, वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. आपल्या समुद्रातून काढलेली विकणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा. माझा नकार त्याच चॅटमध्ये असल्याने मला धास्ती वाटली नाही. पण ज्याने तो माल घेतला असेल, तो चिलरची तक्रार कुठल्या तोंडाने करणार? असला माल बंडलमध्ये देऊ केला, की तुमचं तोंड बंद करायची सोय होतेय असं समजा आणि तिथेच व्यवहार सोडा.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. यूपीआयच्या नोंदी, कोटेशन आणि मेकॅनिकचं पत्र घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडेही अर्ज केलाय. न पाहिलेल्या विक्रेत्याला ऑनलाइन ॲडव्हान्स दिला आणि माल आलाच नाही, असं झालं असेल तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

खरेदी करणाऱ्यांनी जीएसटी बिलावर कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्यावा, कंप्रेसरची पट्टी स्टिकर काढून बघावी, अँपिअर आणि वॉट आपल्यासमोर मोजून घ्यावेत. आणि चिलर हिवाळ्यात घेतला, तर निम्मी रक्कम मे महिन्यात पाणी 26 वर टिकल्यावरच देईन, हे कोटेशनवरच लिहून घ्यावं. याला जो तयार होणार नाही, त्याच्याकडून टँकचा पाइपसुद्धा घेऊ नका.