जुनी गाडी शोरूमला घालावी की बाहेर विकावी? कोल्हापुरातल्या एक्स्चेंज सेवेचा हिशेब

महामार्गालगतच्या कुठल्याही शोरूममध्ये नवी गाडी बघायला गेलात की पाणी येतं, मग कॅटलॉग येतो आणि लगेच प्रश्न येतो, "जुनी गाडी आहे का एक्स्चेंजला?" हो म्हटलं की इव्हॅल्युएटर चावी मागतो, गाडीभोवती फिरतो, एक चक्कर मारून येतो आणि आकडा सांगतो. हा आकडा घ्यायचा की गाडी बाहेर विकायची, हे त्या टेबलावर बसून ठरवू नका.

आमचं मत आधीच सांगतो. एक्स्चेंजची सेवा वेळ वाचवण्यात उत्तम आहे. कागदपत्रांत ती चांगली ठरते, पण योग्य प्रश्न विचारले तरच. भावात ती मध्यम आहे आणि हिशेब उघड मांडण्यात कच्ची.

भावापासून सुरुवात करू. शोरूमचा आकडा बाहेरच्यापेक्षा कमी असणारच, आणि त्यात फसवणूक असते असं नाही. त्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग, टायर, यार्डातली जागा, पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायची वॉरंटी आणि स्वतःचा नफा हे सगळं त्यातून निघायचं असतं. शिवाय नोंदणीकृत विक्रेत्याला जुन्या गाडीवरच्या नफ्यावर 18 टक्के जीएसटी भरावा लागतो. तुम्ही स्वतःची गाडी थेट दुसऱ्या माणसाला विकलीत तर हा कर लागत नाही. म्हणजे दोन भावांत थोडी तफावत मुळातच आहे. परदेशी व्हिडिओ बघून काही जण विचारतात, एक्स्चेंज केल्यावर कर वाचतो ना? आपल्याकडे वाचत नाही. नव्या गाडीचा जीएसटी आणि रोड टॅक्स पूर्ण किमतीवरच बसतो, जुनी गाडी घातल्यानं त्यातला एक रुपयाही कमी होत नाही.

खरी गंमत कोटेशनमध्ये असते. समजा, 2018 च्या पासिंगची, पहिल्या मालकाची, 60 हजार किलोमीटर चाललेली पेट्रोल हॅचबॅक आहे. बाहेर 4,40,000 ला ठरतेय. शोरूम 3,80,000 देते, वर 25,000 एक्स्चेंज बोनस. वरवर फरक 35,000 दिसतो. आता त्याच शोरूमला विचारा, जुनी गाडी न घालता नव्या गाडीवर रोख सूट किती? उत्तर 30,000 आलं, आणि एक्स्चेंजच्या कोटेशनवर तीच सूट 15,000 असेल, तर बाहेर विकून तुमच्या पदरात 4,70,000 पडतात आणि एक्स्चेंजमध्ये 4,20,000. खरा फरक 50,000 झाला. जुन्या गाडीचा भाव दहा हजारांनी वाढवून नव्यावरची सूट पंधरा हजारांनी कापणं ही जुनी पद्धत आहे. म्हणून दोन कोटेशन लेखी मागा, एक जुन्या गाडीसह आणि एक तिच्याशिवाय. दोन्हींत एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, विमा, अ‍ॅक्सेसरीज, सूट आणि बोनस वेगवेगळ्या ओळींत हवेत. "एकूण एवढे द्या" असं एका आकड्यात सांगत असतील तर तिथंच थांबा.

बोनसचेही नियम असतात. तो बहुतेक वेळा कंपनीकडून येतो, शोरूमकडून नाही, त्यामुळे जुनी आरसी तुमच्या किंवा जवळच्या नात्यातल्या माणसाच्या नावावर असावी लागते आणि नाव बदललेल्या आरसीची प्रत ठरलेल्या मुदतीत जमा व्हावी लागते. बिलातून तो आधीच वजा होणार की नंतर खात्यावर येणार, हे बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या. आणि एक प्रश्न जरूर टाका: गाडी आम्ही बाहेर विकली आणि नाव बदललेली आरसी आणून दिली, तर बोनस मिळेल का? काही ठिकाणी मिळतो. मिळत असेल तर एक्स्चेंजच्या बाजूनं फारसं काही उरत नाही.

आणखी एक बदल लक्षात असू द्या. 22 सप्टेंबर 2025 पासून 1200 सीसीपर्यंतच्या, चार मीटरपर्यंत लांबीच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या की त्याच वर्गातल्या जुन्यांचे भाव खाली सरकतात. त्याआधी शेजाऱ्याची गाडी कितीला गेली हे आता मोजमाप म्हणून धरू नका.

इव्हॅल्युएटर काय बघतो हे माहीत असेल तर आकडा पटवून घेता येतो. त्याच्या हातातलं छोटं यंत्र रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये दाखवतं. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 च्या आसपास असतो. 200 च्या वर गेला की पुन्हा रंगवलेलं पॅनेल, आणि 500 च्या पुढं गेला की आत पुट्टी आहे. दरवाजा किंवा बंपर रंगवलेला असेल तर फार बिघडत नाही, पण पिलर (छताला आधार देणारे खांब), एप्रन (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचा आतला पत्रा) किंवा डिकीचा तळ ठोकलेला निघाला की भाव कोसळतो, कारण मार गाडीच्या सांगाड्याला लागलेला असतो. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा आहेत का, काचांवरच्या कोडमधलं वर्ष सारखं आहे का, टायरवरच्या चार आकड्यांत कितवा आठवडा आणि कुठलं वर्ष आहे, हेही तो बघतो. त्याला दाखवायच्या आधी दिखाऊ पॉलिशवर पैसे घालू नका, यंत्र त्याला भुलत नाही. त्यापेक्षा सर्व्हिसची सगळी बिलं तारखेनं लावून फाइल करा आणि दुसरी चावी शोधून ठेवा. दुसरी चावी नसली की पैसे कापले जातात, कारण सेन्सरवाली चावी नव्यानं बनवायला हजारोंत खर्च येतो.

कोल्हापूरच्या गाडीला एक प्रश्न हमखास येतो, पुराचा. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक एमएच 09 पासिंग दिसलं की आधी तेच विचारतं. तपासणीची जागा ठरलेली असते. पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढतात. एरवी गुंडाळून आत राहणारा तो शेवटचा हातभर पट्टा गाळाच्या पाण्यात भिजला असेल तर त्यावर आडवी मातकट रेघ असते, आणि ती धुवून जात नाही. त्यानंतर सीटखालच्या रुळांचा गंज, फ्यूज बॉक्समधला हिरवट थर, स्टेपनीच्या खड्ड्यातली बारीक माती. तुमची गाडी त्या वेळी सुरक्षित होती तर ते सिद्ध करणं तुमच्या हातात आहे. त्या दोन पावसाळ्यांच्या पुढच्या-मागच्या सर्व्हिसची बिलं आणि विम्यावर दावा नसल्याचा दाखला पुढं ठेवा, एवढ्यानं शंका मिटते. गाडी खरंच पाण्यात गेली असेल तर ते लपवून बाहेर विकू नका, सांगून शोरूमला किंवा यार्डाला घाला. भाव कमी येईल, पण पुढं वायरिंग जळालं की घेणारा तुमच्याच दारात येणार नाही.

आता कागद. हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे आणि सगळ्यात महाग पडतो. आपल्याकडे अजूनही टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी हस्तांतरणाच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर, कोऱ्याच सह्या करून सेट एजंटाच्या हाती दिला जातो. घेणाऱ्याचं नाव रिकामं. गाडी एका यार्डातून दुसऱ्या यार्डात जाते, तिथून कोणी तिसराच नेतो, आणि आरसीवर नाव तुमचंच राहतं. चलन तुमच्या मोबाइलवर येतं, ते परवडलं. अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये अशाच एका प्रकरणात निकाल दिला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर होती. कायद्याच्या दृष्टीनं मालक तोच, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असं न्यायालयानं ठरवलं.

म्हणून शोरूमला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न भावाचा नाही. फॉर्म 30 वर कोणाचं नाव येणार, हा आहे. शोरूम घेतलेली गाडी स्वतःकडेच ठेवते असं नाही, बऱ्याच गाड्या पुढं एजंटांना जातात. 1 एप्रिल 2023 पासून केंद्राच्या नियमांत यावर इलाज आहे. ज्या विक्रेत्यानं आरटीओकडून जुन्या गाड्यांच्या व्यवहाराचं प्राधिकरणपत्र घेतलं आहे, त्याला गाडी देताना फॉर्म 29 सी ऑनलाइन भरला जातो, आणि तेव्हापासून गाडीचा मालक म्हणून तो विक्रेता धरला जातो. प्राधिकरणपत्र दाखवा म्हणा, 29 सी ची पोचपावती हातात घ्या. हे ज्या शोरूममध्ये मिळतं तिथं दहा-वीस हजार कमी आले तरी आम्ही एक्स्चेंजच सुचवू. जिथं "काळजी करू नका, आमचा माणूस करेल" एवढंच उत्तर मिळतं, तिथं भाव चांगला असला तरी गाडी घालू नका.

बाहेर विकायचं ठरवलंत तर क्रम पाळा. आधी ई-चलनं भरा, पीयूसी आणि विमा चालू ठेवा. गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्या, तिच्याशिवाय हस्तांतरण अडतं. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. बोजा असलेली गाडी बाहेर विकणं कटकटीचं असतं, कारण घेणारा पैसे आधी द्यायला तयार नसतो आणि बँक पैसे आल्याशिवाय कागद देत नाही. अशा वेळी एक्स्चेंज सोपं, शोरूम कर्ज परस्पर फेडून उरलेली रक्कम नव्या गाडीत वळती करते. फक्त फोरक्लोजरचं पत्र, म्हणजे कर्ज मुदतीआधी फेडायला किती रक्कम लागेल हे सांगणारं पत्र, तुम्ही स्वतः बँकेतून आणा.

चक्कर मारायला देताना लायसन्स बघा आणि शेजारी बसा. इसार घ्या, पावती द्या, त्यावर किंमत आणि मुदत लिहा. पूर्ण रक्कम खात्यावर दिसल्याशिवाय चावी द्यायची नाही, मोबाइलवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. रोखीत 2 लाख किंवा त्याहून जास्त घेऊ नका, आयकर कायद्यात तेवढ्याच रकमेचा दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला आहे. डिलिव्हरी नोटवर, म्हणजे गाडी ताब्यात दिल्याच्या कागदावर, तारखेबरोबर वेळही लिहा, किलोमीटरचा आकडा लिहा, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जोडा. फॉर्म 29 च्या दोन्ही प्रतींवर त्याचं नाव-पत्ता भरूनच सही करा. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर 14 दिवसांत आरटीओला कळवणं ही तुमची जबाबदारी आहे, घेणाऱ्याची नाही. सरकारी फी किरकोळ असते, एजंटाचे पैसे त्यावर चढतात. फी गाडी घेणाऱ्यानं भरायची असं ठरलं तरी ताराबाई पार्कातल्या आरटीओत कागद दाखल झाल्याची पावती तुम्ही स्वतः बघा.

निपाणी, चिक्कोडी, बेळगावचं गिऱ्हाईक आलं तर हिशेब वेगळा. आधी फॉर्म 28 ची एनओसी लागते, आणि गाडी तिकडे न्यायची तर त्याला कर्नाटकचा कर भरावा लागतो. तो खर्च तो तुमच्या किमतीतून मागणार. काही जण एमएच पासिंगवरच गाडी चालवू म्हणतात. चालवू द्या, पण नाव बदलल्याशिवाय नाही.

वेळेचंही गणित आहे. दसरा-दिवाळीला शोरूमचे बोनस वाढतात, पण त्याच महिन्यांत यार्डं एक्स्चेंजच्या गाड्यांनी भरून जातात आणि मूळ भाव पडतो. बाहेरचं गिऱ्हाईक शिरोळ, हातकणंगले, कागलकडून येतं ते उसाची पहिली बिलं जमा झाल्यावर. 31 डिसेंबर ओलांडला की मात्र गाडी कागदावर एक वर्षानं जुनी होते, म्हणून जाहिरात नोव्हेंबरातच टाका.

आमचा कल असा: पहिला मालक, आठ वर्षांच्या आतली, सर्व्हिसची फाइल असलेली, खपणारी पेट्रोल हॅचबॅक असेल तर बाहेर विका, महिनाभर वाट बघायची तयारी ठेवून. कर्ज चालू असलेली, तिसऱ्या-चौथ्या मालकाची, मोठा मार खाल्लेली किंवा 15 वर्षांच्या नूतनीकरणाला टेकलेली असेल तर एक्स्चेंजला घाला. मोठ्या डिझेल गाड्यांना दोन्हीकडून भाव काढा, कारण तिथं गिऱ्हाईक थोडं आणि घासाघीस जास्त.

कुठल्याही मार्गानं गेलात तरी नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर देऊन टाकू नका. तो मालकाचा असतो, गाडीचा नाही. सलग पाच वर्षं दावा नसेल तर तो 50 टक्क्यांपर्यंत जातो, आणि नव्या गाडीच्या विम्यातल्या ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यावर मिळतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर किणीच्या नाक्यावर दुसऱ्याच्या फेऱ्या तुमच्या खात्यातून कटतील. आणि परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून दर आठवड्याला बघत राहा. नवं नाव दिसेपर्यंत डिलिव्हरी नोट आणि बँकेची नोंद एकाच फाइलमध्ये जपून ठेवा.