फोनमधला गठ्ठा साइटवर न्यायचा: थेट फोनवरून की संगणकामार्गे?

प्रश्न दहा-वीस फोटोंचा असेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका. आपल्या सीएमएसचं, म्हणजे साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, अ‍ॅप उघडा, फोटो निवडा, टाका आणि मोकळे व्हा. हे लिहितोय ते ज्यांच्या फोनमध्ये एखाद्या प्रकल्पाचे नाहीतर कार्यक्रमाचे शेकडो फोटो आणि वर मोठमोठे व्हिडिओ साठलेत, आणि ते सगळे साइटच्या मीडिया लायब्ररीत, म्हणजे फोटो-व्हिडिओंच्या साठ्यात, नीट जाऊन पडायला हवेत, त्यांच्यासाठी.

रस्ते मुळात तीन. एक, फोनवरूनच थेट, अ‍ॅपमधून किंवा ब्राउझरमधून. दोन, सगळं केबलने संगणकावर घ्यायचं आणि तिथून एकगठ्ठा पाठवायचं. तीन, सिंक करणारं अ‍ॅप लावून फोल्डर आपोआप पलीकडे जाईल अशी सोय करायची. तिन्ही वापरून झालेत, आणि अलीकडे माझी पावलं बहुधा दुसऱ्या रस्त्याकडे वळतात. तुमच्या कामाची ठेवण वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येईल, म्हणून नुसता निकाल न देता कारणं सांगतो.

फोनवरून थेट टाकण्याची बाजू लंगडी आहे असं मुळीच नाही. फोटो काढल्या काढल्या ओळ लिहिता येते, कोण उभं आहे ते आठवत असतं. फॉरमॅटचा जुना त्रासही बराच ओसरलाय. आयफोनने २०१७ साली आयओएस ११ पासून फोटो एचइआयसी या फॉरमॅटमध्ये साठवायला सुरुवात केली, तेव्हा अनेक साइट्सवर ते दिसतच नसत. पण फोनच्या ब्राउझरमध्ये गॅलरीतून फोटो निवडला की आयफोन सहसा स्वतःच त्याचं जेपेग करून पुढे देतो. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या वर्डप्रेस या सीएमएसच्या ६.७ आवृत्तीपासून सर्व्हरवरच एचइआयसीचं जेपेग होतं, अर्थात सर्व्हरवरच्या इमॅजिक या चित्रं हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरला ते जमत असेल तर. थोडक्यात, ‘फोनवरून टाकलं तर फोटो उघडत नाहीत’ हे कारण आता फारसं उरलेलं नाही.

माझं बिनसलं ते दुसऱ्याच मुद्द्यावर. मोठा गठ्ठा कधी ना कधी मध्येच अडतो. स्क्रीन बंद होते आणि बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन अ‍ॅपला झोपवतो, किंवा फोन येतो, किंवा वाय-फाय सुटून डेटा सुरू होतो. अडलं तर अडलं, त्याचं एवढं काही नाही. मी वापरत होतो त्या सेवेचं अ‍ॅप अशा वेळी एवढंच सांगायचं की काही फायली अपलोड झाल्या नाहीत. कुठल्या, ते नाही. गेलं ते गेलं, राहिलं ते राहिलं, पण कोणतं ते कोणी सांगेना.

मग शोधायला बसावं तर फोनच्या गॅलरीतला क्रम फोटो काढल्याच्या तारखेचा आणि लायब्ररीतला क्रम अपलोड झाल्याच्या वेळेचा. एकाच क्षणाचे चार-पाच सारखे फोटो असतात, त्यातला नेमका कोणता पोहोचलाय हे लहानशा चौकोनांकडे डोळे बारीक करून ओळखायचं. वैतागून सगळा गठ्ठा पुन्हा टाकावा, तर बहुतेक सीएमएस आलेली फाइल आधीच आहे का हे पाहत नाहीत. वर्डप्रेसही त्याच नावाची फाइल आली की नाकारत नाही, नावापुढे ‘-१’ लावून दुसरी प्रत ठेवून देतो. म्हणजे लायब्ररीत निम्मे फोटो दुहेरी. ते हाताने काढायचे, आणि आंधळेपणाने काढायचीही सोय नाही, कारण त्यातला एखादा कुणीतरी लेखात वापरूनही टाकलेला असतो. यातला सगळ्यात नकोसा भाग असा की फोन रिकामा करायची हिंमत होत नाही. मुळात जागा करायलाच तर हा उपद्व्याप, आणि शेवटी दोन्हीकडे पसारा. सामान हलवताना ट्रक निघून जावा आणि काय चढवलं त्याची यादी कुणाकडेच नसावी, तसं होतं हे.

इथे कुणी म्हणेल, आता तुटलेलं अपलोड पुढे चालू करणाऱ्या पद्धती आहेत की. आहेत. ‘टस’ नावाचा खुला प्रोटोकॉल नेमका त्यासाठीच आहे आणि जी सेवा तो वापरते तिथे मोठ्या व्हिडिओंचा जाच खरोखर कमी होतो. पण तो एकेका फाइलचा उरलेला तुकडा पोहोचवतो. अख्ख्या गठ्ठ्यातलं काय पोहोचलं याचा हिशोब कुणीतरी वेगळा ठेवायलाच लागतो.

तो हिशोब संगणकाच्या रस्त्यावर आपोआप राहतो, आणि मला वाटतं माझं पारडं तिथेच झुकलं.

या रस्त्याची सुरुवात मात्र कंटाळवाणी आहे. अँड्रॉइड केबलने जोडला की फाइल ट्रान्सफर एमटीपी नावाच्या पद्धतीवर चालतं, आणि एका फोल्डरमध्ये हजारो फायली असतील तर नुसती यादी दिसेपर्यंत बसून राहावं लागतं. वर कॉपी करताना फायलींच्या तारखा बदलण्याचा धोका. एडीबी या अँड्रॉइडच्या आज्ञा-साधनाची ओळख असेल तर त्याच्या ‘पुल’ आज्ञेला तारीख जपणारा पर्याय आहे, तो वापरावा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये फोटोंखाली ‘मॅक किंवा पीसीवर ट्रान्सफर’ असा पर्याय असतो. तिथे मूळ फाइल जशीच्या तशी हवी की रूपांतर करून, हे आधीच ठरवून टाकावं. लाइव्ह फोटो प्रत्येकी दोन फायली होऊन येतात, एक चित्र आणि त्याच नावाची छोटी एमओव्ही, म्हणजे व्हिडिओ. त्या एमओव्ही आधी बाजूला काढा, नाहीतर लायब्ररीत तीन-तीन सेकंदांच्या क्लिपांचा खच पडतो.

एकदा फोल्डर संगणकावर आलं की काम हातात येतं. हललेले फोटो मोठ्या पडद्यावर झरझर उडवता येतात. नावंही तिथेच सुधारावीत. आयफोनचा चार आकडी क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, त्यामुळे दोन फोनमधले फोटो एकत्र आले की एकाच नावाचे भाऊबंद भेटतात. एक्झिफटूल या फोटोतली नोंद वाचणाऱ्या-बदलणाऱ्या साधनाने फोटो काढल्याची तारीख-वेळ नावात घालून घेतली की तो प्रश्न बराचसा मिटतो.

मग आरसिंक, म्हणजे एका ठिकाणचं फोल्डर दुसरीकडे उतरवणारी आज्ञा. फोल्डर सर्व्हरकडे लावून द्यायचं. मध्ये नेट गेलं, संगणक झोपला, काहीही होवो, तीच आज्ञा पुन्हा चालवायची. जे पोहोचलंय त्याला हात न लावता उरलेलंच जातं. काहीच उरलं नसेल तर काहीच होत नाही, आणि ते काहीच न होणं पाहण्यात काय सुख आहे ते फोनवर रात्र घालवलेल्या माणसाला विचारा! सर्व्हरऐवजी क्लाउड स्टोरेज असेल तर आरक्लोन हेच काम करतो.

सर्व्हरवर पोहोचलेल्या फायली वर्डप्रेसच्या लायब्ररीत नोंदवायला डब्ल्यूपी-सीएलआय या आज्ञा टाइप करून वर्डप्रेस हाताळायच्या साधनाची ‘मीडिया इम्पोर्ट’ आज्ञा आहे. तिला फाइलची मूळ वेळ जपायला सांगता येतं, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचा फोटो आजच्या तारखेला जाऊन बसत नाही. फोनवरून टाकलेले जुने फोटो सहसा अपलोडच्या महिन्यात जमा होतात, हे ज्यांना जुनं साहित्य लावायचंय त्यांनी लक्षात घ्यावं. मात्र आरसिंकची सावधगिरी या इम्पोर्टमध्ये आहे असं धरून चालू नका. झालेला गठ्ठा लगेच ‘झालेले’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवावा.

व्हिडिओंसाठी तर हा रस्ता जवळपास अपरिहार्य वाटतो. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेवर चालतो तिची अपलोडची मूळ मर्यादा एका फाइलला २ एमबी आणि एका विनंतीला ८ एमबी असते. होस्टिंगवाले ती वाढवून देतात, तरी फोनचा एखादा मोठा व्हिडिओ तिच्यावर आपटतोच, मग तुम्ही तो फोनच्या ब्राउझरमधून टाका नाहीतर संगणकाच्या. आरसिंकने किंवा एसएफटीपीने (सर्व्हरवर थेट फायली पाठवायच्या पद्धतीने) गेलेली फाइल पीएचपीच्या वाटेला जातच नाही.

सर्व्हरवर शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची सोय, वापरायची परवानगी नसलेले बरेच असतील. त्यांनी संगणकाच्या ब्राउझरमध्ये पन्नास-पन्नासचे गठ्ठे ओढून टाकावेत आणि झालेला गठ्ठा बाजूला करत जावं. शोभिवंत नाही, पण हिशोब तरी आपल्याकडे राहतो.

एका बाबतीत फोनचा रस्ता नकळत जास्त सभ्य वागतो, हेही सांगायला हवं. अँड्रॉइड १० पासून ज्या अ‍ॅपकडे वेगळी परवानगी नाही त्याला फोटोतलं ठिकाण काढूनच फाइल मिळते. केबलने आलेला फोटो अक्षांश-रेखांशासकट येतो आणि तसाच साइटवर जातो. वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या चित्राची लहान प्रत करून दाखवतो खरा, पण मूळ फाइलही सर्व्हरवर ठेवतो. सर्वेक्षणाच्या फोटोंना ठिकाण हवंच असतं. लोकांच्या घरातले, मुलांचे फोटो असतील तर पाठवण्याआधी एक्झिफटूलने ठिकाण पुसून घ्या.

सिंकबद्दल थोडक्यात. चार-पाच जण रोज थोडं थोडं साहित्य गोळा करत असतील तर याहून सोपं काही नाही. सिंक करणाऱ्यांत सिंकथिंग माझ्या आवडीचं. त्याचं अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, आता स्वयंसेवकांनी चालवलेली फोर्क, म्हणजे त्याचीच वेगळी आवृत्ती, वापरावी लागते. आयफोनवर पार्श्वभूमीतल्या कामाला फार मोकळीक नसते, तिथे भरवसा जरा बेतानेच ठेवावा. आणि एक जपा: सिंक म्हणजे आरसा. फोनमधून फोटो उडवला की पलीकडचाही उडतो. पलीकडच्या बाजूला फाइल व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपून ठेवण्याची सोय) चालू न करता फोन साफ करायला घेऊ नये.

संगणक जवळ नाही आणि फोनवरूनच टाकायची वेळ आली, तर गठ्ठा लहान ठेवा, अ‍ॅपला बॅटरीच्या निर्बंधातून वगळा आणि स्क्रीन जागी ठेवा. गॅलरीत ‘जायचे’ नावाचा अल्बम करून ठेवा आणि लायब्ररीत दिसला की मगच फोटो त्यातून काढा.