अठरा टाक्या, एक पंप: ६० लिटरचा डायफ्रॅम एअर पंप कसा आहे?

भांडुपच्या आमच्या घरात, गॅलरीला लागून असलेल्या खोलीत, गप्पी आणि बेट्टा माशांच्या अठरा टाक्या रॅकवर आहेत. पूर्वी दोन-दोन टाक्यांमागे एक छोटा एअर पंप होता. एक्स्टेन्शन बोर्डांचा पसारा आणि सतत कुठला तरी पंप मान टाकलेला. आता सगळ्यांना मिळून एकच लिनियर डायफ्रॅम पंप आहे, म्हणजे आतला रबरी पडदा (डायफ्रॅम) हलवून हवा ढकलणारा, मिनिटाला ६० लिटर हवावाला, कुर्ला पश्चिमेतून आणलेला. घरी पिल्लं काढणाऱ्या कुणालाही मी हाच सुचवेन.

दुकानात पिस्टनवालाही दाखवतात. त्याचा दाब दणदणीत असतो, पण तो तापतो आणि आवाजही जास्त करतो. भिंतीपलीकडे माणसं झोपत असतील तर डायफ्रॅमच घ्या. त्याचीही भुणभुण असते, जाड रबरावर ठेवला की बरीच कमी होते. माझ्या पंपावर ३५ वॉट लिहिलंय, म्हणजे दिवसरात्र चालून महिन्याला साधारण २५ युनिट. डायफ्रॅमचं किट मात्र पंपाबरोबरच घेऊन ठेवा, रबर कधी ना कधी फाटणारच.

पंपाइतकंच महत्त्व पाइपला आहे. मी पाऊण इंची पीव्हीसी रॅकभोवती फिरवून पुन्हा स्वतःलाच जोडलाय, त्यामुळे हवा दोन्ही बाजूंनी येते आणि कोपऱ्यातली टाकीही उपाशी राहत नाही. प्रत्येक टाकीला वेगळा व्हॉल्व्ह हवाच. हवा कमी खोलीकडे आधी पळते: सहा इंच पाण्यातल्या बेट्टाच्या टाकीत नुसता धबधबा आणि दीड फुटाच्या टाकीतला, हवेवर चालणारा स्पंज फिल्टर गप्प, असं होतं. म्हणून आधी उथळ टाक्यांचे व्हॉल्व्ह आवळायचे. जास्तीची हवा कोंडायची नाही. पाइपच्या या रिंगवर एक मोकळा कॉक ठेवून ती बाहेर सोडायची, नाहीतर पंप तापतो आणि रबराचं आयुष्य घटतं.

पंप माळ्यावर, पाण्याच्या पातळीच्या वर ठेवलाय. वीज गेली की नळीतून पाणी उलटं चढून पंपात शिरू शकतं. खाली ठेवायचाच असेल तर पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा.

एका गोष्टीसाठी मी याचे गुण कापतो: हा बंद पडला की अठराच्या अठरा टाक्यांची हवा एकदम जाते. बेट्टा वरची हवा घेऊन तग धरतात, पण गच्च भरलेल्या टाकीतली गप्पीची पिल्लं लगेच वर येऊन तोंड उघडायला लागतात. त्यासाठी पंप इन्व्हर्टरवर घेतलाय आणि जुन्यांपैकी चांगले दोन पंप हाताशी ठेवलेत. खालचा हवा ओढणारा फिल्टरही अधूनमधून धुवा. एलबीएस मार्गाची धूळ त्यात काळीकुट्ट होऊन बसते, आणि तो तुंबला की सगळ्या टाक्यांमधले बुडबुडे एकदम मंदावतात.