'परत मिळणारी अनामत': ज्युनिअर वर्षातील मुलांच्या पालकांसाठी, १,४६० डॉलर ४० सेंट गमावलेल्या एका आईकडून

एसएटीच्या, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, तयारीचे साहित्य मोफत पाठवतो, फक्त परत मिळणारी अनामत भरा, असे सांगणारे फोन न्यू जर्सीतील आमच्या भागात मराठी घरांत पुन्हा येऊ लागले आहेत. यंदा ज्यांची मुले ज्युनिअर वर्षात, म्हणजे अकरावीत आहेत, त्यांच्यासाठी मी लाज बाजूला ठेवून हे लिहीत आहे. फेब्रुवारी २०२५ पासून पुढच्या काही आठवड्यांत आमचे २४९ डॉलर क्रेडिट कार्डावरून, १,१८० डॉलर झेलवरून (बँक खात्यातून थेट पैसे पाठवण्याची सेवा) आणि ३१ डॉलर ४० सेंट परतीच्या पार्सलापोटी, असे एकूण १,४६० डॉलर ४० सेंट गेले. त्यांतला एक सेंटही आजवर परत आलेला नाही.

माझी मुलगी तेव्हा ज्युनिअर वर्षात होती. एपी कॅल्क्युलस बीसी आणि एपी केमिस्ट्री हे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे दोन जड विषय तिने घेतले होते आणि ८ मार्चच्या एसएटीसाठी नाव नोंदवले होते. भर दुपारी, ती शाळेत असताना, मला एका बाईचा फोन आला. आपण एसएटी आणि एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या वतीने बोलत आहोत, असे तिने सांगितले. मुलीचे पूर्ण नाव, शाळेचे नाव, आमच्या घराचा पत्ता आणि परीक्षेची तारीख यांपैकी काहीही तिने मला विचारले नाही. ते सगळे तिनेच मला वाचून दाखवले. तुमच्या मुलीने शाळेत तयारीचे साहित्य मागवले आहे, ती सज्ञान नसल्यामुळे पालकांची संमती लागते, साहित्य मोफत आहे, फक्त २४९ डॉलरची अनामत आहे आणि ३० दिवसांत साहित्य परत केले की ती कार्डावर जमा होते, इतके सगळे तिने अतिशय अदबीने सांगितले. मुलीच्या वतीने संमती देण्याचा अधिकार तुम्हाला आहे ना, या प्रश्नाला मी 'हो' म्हणाले. ते 'हो' ध्वनिमुद्रित होत होते, हे मला पुढे कार्ड कंपनीकडून कळले.

कॉलेज बोर्ड पालकांना फोन करून कार्डाचा क्रमांक कधीच मागत नाही. असे फोन फसवे असतात, हा इशारा फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे हित पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेनेही जाहीरपणे दिलेला आहे. पण तो इशारा ज्युनिअर वर्षातील मुलांच्या घरी पोहोचवण्याचे काम कोणाचे? शाळेकडून आम्हाला वर्षभर ढिगाने पत्रे आली, त्यांत या विषयावर एक ओळ नव्हती. ज्या माणसाला आपल्या मुलीच्या परीक्षेची तारीख माहीत आहे तो खरा असेल, असे कोणत्याही आईला वाटेल. ती माहिती त्यांच्याकडे कुठून गेली याचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून मी कोणावर आरोप करत नाही. पण समोरच्याला आपली माहिती आहे एवढ्यावरून तो कोण आहे हे सिद्ध होत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला आजच सांगून ठेवा.

आठवड्याभरात खोके आले. आत स्पायरल बाइंडिंगची दोन जाड पुस्तके होती. त्यांतल्या एकातील सराव परीक्षा मी स्वतः उघडून पाहिली. तिसऱ्या विभागाच्या माथ्यावर, या विभागात कॅल्क्युलेटर वापरता येणार नाही, अशी ठळक सूचना होती. खाली २५ मिनिटे, २० प्रश्न असे छापलेले होते आणि मागे पेन्सिलीने काळे करायच्या गोलांची उत्तरपत्रिका जोडलेली होती. मुलगी शाळेतून आली, तिने ते पान पाहिले आणि दप्तर खाली ठेवण्याआधीच म्हणाली, "आई, ही जुनी एसएटी आहे. आता सगळी परीक्षा लॅपटॉपवर असते आणि गणिताला पूर्ण वेळ कॅल्क्युलेटर चालतो."

तिचे शब्द अक्षरशः खरे होते. अमेरिकेत मार्च २०२४ पासून एसएटी ब्लूबुक या अॅपवर घेतली जाते. २ तास १४ मिनिटांत ९८ प्रश्न असतात आणि डेस्मॉसचा कॅल्क्युलेटर परीक्षेच्या पडद्यावरच दिलेला असतो. जी संस्था ही परीक्षा घेते, तिच्या नावाने आलेल्या खोक्यात तिनेच बंद केलेल्या परीक्षेचे पुस्तक असणे शक्य नव्हते. त्या संध्याकाळी फक्त २४९ डॉलर गेलेले होते, तेही क्रेडिट कार्डावरून, म्हणजे परत मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असलेल्या मार्गाने. ते पान हातात असताना कार्ड कंपनीला फोन गेला असता, तर हे सगळे तिथेच थांबले असते. फोन गेला तो त्या लोकांनाच, आणि पुढचे १,१८० डॉलर त्या एका फोनमुळे गेले. या गोष्टीचा संताप आजही कमी होत नाही.

आम्ही दोघे नवरा-बायको सांगलीत शिकलो. दादाची, ताईची, शेजारच्या मुलांची जुनी गाइडे वापरूनच आम्ही बारावी केली आणि इंजिनिअरिंगला गेलो. त्यामुळे पुस्तक जुने असले तरी संकल्पना त्याच असतात, हे फोनवरच्या माणसाचे वाक्य आम्हाला पटणारेच होते. तो माणूस आमचे आडनाव ऐकून मराठीत बोलू लागला होता. "ताई, जुनी आवृत्ती आली ही आमच्या गोदामाची चूक. पण तुमच्या मुलीचा खरा प्रश्न एसएटी नाहीच, एपी आहे," असे तो म्हणाला. परदेशात, मुलीच्या भवितव्याच्या चिंतेत असताना, कोणी आपल्या भाषेत ताई म्हणून बोलतो तेव्हा मन सैल पडते, आणि हे त्याला पक्के ठाऊक होते.

त्याने आम्हाला घाबरवले ते अर्धसत्य सांगून. सीनिअर वर्षातील, म्हणजे बारावीतील, एपी परीक्षांचे गुण जुलैमध्ये येतात, तोवर प्रवेश झालेला असतो, म्हणून प्रवेशाच्या अर्जात दाखवता येतात ते ज्युनिअर वर्षापर्यंतचेच गुण. इथवर तो बरोबर होता. पण बहुतेक कॉलेजे सर्वांत आधी शाळेतील गुण आणि घेतलेल्या विषयांची काठिण्यपातळी पाहतात, हे त्याने सांगितले नाही. दोन्ही विषयांत ५ पैकी किमान ४ गुणांची लेखी हमी आणि मे महिन्यातील परीक्षेसाठी 'आमच्यामार्फत राखीव जागा', असे त्याचे आश्वासन होते. एपीच्या ऑनलाइन शिकवणीची मूळ किंमत १,४२९ डॉलर, त्यातून आमची २४९ डॉलरची अनामत वळती करून १,१८० डॉलर. कार्डावर अधिभार लागतो, म्हणून झेलने पाठवा, असा त्याचा आग्रह होता.

एपी परीक्षेची जागा बाहेरचा कोणीही राखून ठेवू शकत नाही. परीक्षांची मागणी शाळेतील एपी समन्वयक शरद ऋतूतच नोंदवतात, आणि प्रत्येकी ९९ प्रमाणे दोन परीक्षांचे १९८ डॉलर आम्ही नोव्हेंबरमध्ये भरलेलेही होते. ज्या जागेचे पैसे भरून झाले आहेत, ती जागा पुन्हा विकत घेण्याची गरजच नव्हती. पण हे समजावून सांगणार कोण? शाळेतल्या एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत, अशी अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशनची शिफारस आहे. आमच्या मुलीच्या समुपदेशकाकडे त्याहून कितीतरी अधिक मुले होती आणि भेटीची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळत होती. त्या पोकळीतच हे लोक शिरतात. गुणांची हमी देणारा कोणीही असो, आपला असो वा परका, फोन ठेवून द्या.

शिकवणी कशी होती, यावर फार लिहीत नाही. सुरुवातीच्या तासांना एक मुलगा पडद्यावर खान अकॅडमीचे व्हिडिओ लावून देत होता, जे कोणालाही मोफत पाहता येतात. एसएटीच्या पूर्ण सराव परीक्षा ब्लूबुकमध्ये मोफत आहेत आणि एपीचे व्हिडिओ व प्रश्न शाळेमार्फत मिळणाऱ्या एपी क्लासरूम या संकेतस्थळावर मोफत आहेत, हेही मला तेव्हाच कळले. मार्चच्या अखेरीस तासाची लिंक उघडेनाशी झाली. मी पुस्तके परत पाठवली; ते पार्सल पत्त्यावर असे कोणी नाही, या शेऱ्यासह घरी परतले. त्याचेच ते ३१ डॉलर ४० सेंट.

यानंतर जे घडले त्याने फसवणुकीपेक्षा अधिक थकवले. कार्ड कंपनीने २४९ डॉलरचा वाद नोंदवून घेतला आणि काही आठवड्यांनी विक्रेत्याच्या बाजूने निकाली काढला, कारण माल पोहोचल्याची पावती होती आणि माझ्या आवाजातील 'हो' होते. माल कालबाह्य परीक्षेचा आहे, हे मी छायाचित्रांसह कळवले, तर मालाच्या दर्जाबाबत निर्णय देणे आमच्या कक्षेत नाही, असे उत्तर आले. परतलेल्या पार्सलाचा शिक्का पाठवला, तर प्रकरण बंद झाले आहे, असे उत्तर आले. इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा: क्रेडिट कार्डावरील आक्षेप पहिले बिल निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी पोहोचवावा लागतो, तोही बिलाविषयीच्या तक्रारींसाठी दिलेल्या पत्त्यावर. फोनवर कितीही गोड आश्वासन मिळाले तरी कायद्याने मिळणारे संरक्षण लेखी पत्रालाच आहे.

बँकेने तर १,१८० डॉलरचा विषय उघडण्याचेच नाकारले. पैसे तुम्ही स्वतः पाठवले, म्हणजे व्यवहार अधिकृत आहे, एवढे एकच वाक्य प्रत्येक अधिकाऱ्याने ऐकवले. खोटे सांगून काढून घेतलेले पैसे केवळ बटण माझ्या बोटाने दाबले गेले म्हणून अधिकृत कसे ठरतात, या प्रश्नाला कोणाकडेही उत्तर नव्हते. पोलीस ठाण्यात खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने हे दिवाणी स्वरूपाचे प्रकरण आहे असे सांगून अहवालाचा क्रमांक एका कार्डावर लिहून दिला. पुढे कोणाचाही फोन आला नाही. राज्य पातळीवरील ग्राहक कार्यालयाने माझी तक्रार 'संबंधित व्यवसायाकडे उत्तरासाठी' पाठवली, आणि पाठवली ती त्याच पत्त्यावर, जिथून माझे पार्सल परत आले होते. हे मी कळवल्यावर, उत्तर न आल्यामुळे तक्रार बंद करत आहोत, असे पत्र आले. फेडरल संकेतस्थळावर अर्ज भरला, तर वैयक्तिक तक्रारींचे निवारण केले जात नाही, असा आपोआप येणारा संदेश मिळाला. शाळेला मी पैसे मागितलेच नव्हते. इतर पालकांना एक सावधगिरीचे पत्र पाठवा, एवढीच विनंती होती. बाहेरच्या व्यवसायांविषयी आम्ही मतप्रदर्शन करत नाही, असे सांगून त्यांनी ती फेटाळली. प्रत्येक ठिकाणी माणसे सौजन्याने वागली आणि प्रत्येकाने काम दुसऱ्या दाराकडे ढकलले. चोराला हे सगळे माहीत असते, म्हणूनच तो रक्कम अशी ठेवतो की घर हादरेल, पण कोणताही तपास अधिकारी जागचा हलणार नाही.

ओळखीच्या लोकांनीही दुखावले. एवढे शिकलेले असून कसे फसलात, असे मला तोंडावर विचारले गेले. ज्यांनी विचारले त्यांतल्याच एका घरी ऑक्टोबरमध्ये पीएसएटी ही एसएटीची पूर्वपरीक्षा झाल्यावर तोच फोन आला. या वेळी अनामत २७९ डॉलर होती आणि बोलणे पहिल्या वाक्यापासून मराठीत होते.

तुमच्याकडे असे खोके आले असेल, तर ते फेकू नका. पाठवणाऱ्याच्या पत्त्याचे लेबल, कार्डाच्या बिलावर छापलेले विक्रेत्याचे नाव आणि झेलवर दिसणारे खातेदाराचे नाव या तिन्हींची छायाचित्रे आजच काढून ठेवा, कारण आमच्या बाबतीत ही तिन्ही नावे वेगवेगळी होती आणि ते लक्षात येईपर्यंत लेबल कचऱ्यात गेलेले होते. तक्रार राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे लेखी करा आणि तिच्यात रक्कम सेंटसह लिहा. आमच्या भागातील ज्यांचे पैसे असेच गेले आहेत, त्यांनी आपापल्या तक्रारींचे क्रमांक मला कळवावेत. सर्वांची कागदपत्रे एकत्र जोडून मी नव्याने अर्ज करणार आहे.