तांबूच्या छातीवरचा कॅमेरा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये आमच्या तांबूसाठी, म्हणजे १६ किलो वजनाच्या गावठी कुत्रीसाठी, ॲक्शन कॅमेरा बसवता येणारा पट्टा घेतला. त्यावर कॅमेरा अडकवण्याच्या दोन जागा आहेत, एक पाठीवर आणि एक छातीवर, आणि कॅमेऱ्यासह सगळे ओझे सुमारे ३०० ग्रॅम भरते. पाठीवरची जागा मी दोन आठवड्यांत सोडून दिली, कारण तिथून प्रत्येक चित्रात तांबूचे कान येतात आणि तिच्या पाठीवर बसून जग पाहिल्यासारखे वाटते. छातीवर भिंग जमिनीपासून जेमतेम ३५ सेंटिमीटरवर राहते आणि मला हवी होती ती उंची हीच.

दर दोन सेकंदांनी एक छायाचित्र आणि शटरचा वेग सेकंदाचा पाचशेवा भाग, असे ठरवून मी वीस मिनिटांची फेरी घेतो. एका फेरीत सहाशे छायाचित्रे जमतात, त्यांतली दहाबारा ठेवण्याजोगी असतात. पहिल्या महिन्यात तेवढीही मिळाली नाहीत, याचे कारण मी तांबूला देखाव्यासमोर नेऊन उभी करत होतो. सोमेश्वरच्या धबधब्यापाशी ती पाण्याकडे पाठ करून कणसे भाजणाऱ्याच्या गाडीखाली शिरली, आणि त्या दिवशीचे एकमेव स्वच्छ चित्र तिथले निघाले : ओल्या सालींचा ढीग, गाडीचे चाक आणि चाकाआड विक्रेत्याच्या चिखलाने माखलेल्या चपला. त्यानंतर मी जुनी सगळी छायाचित्रे पुन्हा तपासली, तेव्हा लक्षात आले की तांबू चालताना कॅमेरा हलतच राहतो आणि ती हुंगायला थांबली तरच स्थिर होतो. खांबाचे बुंधे, बंद दुकानांच्या पायऱ्या, फाटकांचे कोपरे यांचीच चित्रे रेखीव येत होती, म्हणजे चौकट निवडण्याचे काम तिचे नाक करत होते. २०१५ मध्ये निकॉनने एका कुत्र्याच्या छातीवर असा कॅमेरा लावला होता, जो हृदयाचे ठोके वाढले की आपोआप छायाचित्र टिपत असे. ती कल्पना मला फार आवडते, पण तांबूच्या बाबतीत उत्साहाचा क्षण धूसर येतो आणि हुंगण्यात गढलेला क्षणच हाती लागतो. म्हणून आता लांब दोरी लावतो आणि रस्ता तिलाच निवडू देतो.

सर्वांत समाधान दिले ते गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजाराने. गर्दी होण्याआधी, विक्रेते माल मांडत असताना आम्ही जातो. या उंचीवरून उभी माणसे म्हणजे नुसते पाय, पातळांचे काठ आणि पिशव्या असतात. जमिनीवर बसलेल्या भाजीवाल्या मात्र समोरासमोर, पूर्ण चेहऱ्यानिशी येतात. इतकी वर्षे मी तिथे वरून, वाकून छायाचित्रे काढत आलो होतो, याची मला खरोखर खंत वाटली. कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असल्याने त्याला निळा आणि पिवळा नीट वेगळे दिसतात, लाल-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही. संगणकावर तसे रंग बदलून पाहिले तर टोमॅटो आणि कोथिंबीर दोन्ही मातकट पिवळ्या झाल्या आणि वर ताणलेली निळी ताडपत्री तेवढी उठून दिसली.

पट्ट्याविषयी माझी मुख्य तक्रार काखेतून जाणाऱ्या वादीची आहे. तिसऱ्या महिन्यात तिथले केस जाऊन कातडी लाल झाली, पशुवैद्यांनी दोन आठवडे पट्टा बंद ठेवायला सांगितले आणि नंतर मी वादीला आतून मऊ सुती कापड शिवून घेतले. ही दक्षता पहिल्याच दिवशी घ्यायला हवी. छातीवरचा प्लॅस्टिकचा स्क्रू चालताना सैल होतो आणि कॅमेरा एका बाजूला कलतो, म्हणून निघण्यापूर्वी तो आवळावा लागतो. पावसात भिंगावर थेंब साचतात, त्यावर मला उपाय सापडलेला नाही. लहान चणीच्या कुत्र्यांसाठी हे ओझे मी मुळीच सुचवणार नाही.

फेब्रुवारी संपत आल्याने डांबर तापू लागले आहे, त्यामुळे फेऱ्या सकाळी लवकरच आटोपतो. पट्टा हातात धरून बसल्यावर तांबू आपणहून मान घालायला पुढे आली नाही, तर त्या दिवशी कॅमेरा घरीच राहतो.