गोळी बंद करू, बदलू की कॉपर-टी बसवू? केस गळत असतील तर आधी हे वाचा

आधी वेणीच्या शेवटी रबरबँडचे तीन वेढे बसायचे, मग चार झाले, आणि मागच्या दिवाळीत पाचवा वेढा घेतला तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. न्हाणीच्या जाळीत रोज पुंजका, उशीवर केस, मळलेल्या कणकेत केस, सासूबाई म्हणाल्या बोरचं पाणी बाधतंय, पार्लरवाली म्हणाली कोंडा आहे, आणि मी गर्भनिरोधक गोळी ऑगस्टमध्येच बंद केली होती त्यामुळे तिच्यावर संशय यायचा प्रश्नच नव्हता. पण तीच गोष्ट होती. गोळी बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांनी गळती सुरू होते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच सुमारास माझ्या मावसबहिणीचंही केसांचंच रडगाणं चालू होतं, पण ती अजून गोळी घेत होती. आम्ही दोघी एकाच स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो आणि दोघींना अगदी वेगळे सल्ले मिळाले, म्हणून हे लिहितेय, कारण मैत्रिणीला जे लागू पडलं ते तुम्हाला पडेलच असं नाही. मी डॉक्टर नाही, निर्णय तुमच्या गायनॅकशी बोलूनच घ्या, पण बोलायला जाताना एवढं माहीत असलेलं बरं.

पहिलं बघायचं ते गळती कोणत्या प्रकारची आहे. माझी होती ती सगळ्या डोक्यावरून सारखी, केस मुळापासून हातात येतात आणि टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो. याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. गोळीतलं इस्ट्रोजेन हे हॉर्मोन केसांना वाढीच्या अवस्थेत धरून ठेवतं, गोळी बंद केली की ते उतरतं आणि पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात, मग दोन-तीन महिन्यांनी गळून पडतात, बाळंतपणानंतर होतं ना अगदी तसंच. दिवसाला 50 ते 100 केस जाणं तसं नॉर्मल, यात त्याच्या कितीतरी पट जातात. कधीकधी गोळी सुरू केल्यावर किंवा बदलल्यावरही असं होतं. बघून जीव वरखाली होतो पण बहुतेक वेळा सहा महिन्यांत थांबतं आणि केस परत येतात.

बहिणीचं वेगळं होतं. जाळीत फार केस दिसायचेच नाहीत, पण भांग रुंद होत चालला होता, ट्यूबलाइटखाली टाळू चमकायची, केस बारीक झाले होते. तिच्या आईचा भांगही तसाच आहे, शिवाय तिला पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी जोडलेला हॉर्मोनचा बिघाड. ज्यांच्या घराण्यातच ही ठेवण असते त्यांना गोळीतलं प्रोजेस्टिन (इस्ट्रोजेनच्या जोडीचं दुसरं हॉर्मोन) पुरुषी हॉर्मोनसारखा गुण दाखवणारं असेल तर जास्त त्रास होऊ शकतो, आणि यात नुसती वाट बघण्यात वेळच जातो.

दोघींनाही आधी रक्त तपासायला लावलं, हिमोग्लोबिन, फेरिटिन, आणि थायरॉईडसाठी टीएसएच. माझं हिमोग्लोबिन बरं होतं पण फेरिटिन 11, म्हणजे साठवलेलं लोह जवळजवळ संपलेलं, हे नुसत्या हिमोग्लोबिनवरून कळलंच नसतं. आणि एक, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा, त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

आता पर्याय. तीच गोळी चालू ठेवायची की बदलायची, हा प्रश्न मुख्यतः बहिणीसारख्यांचा. तुमच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, नावापेक्षा ते महत्त्वाचं. लेवोनॉर्जेस्ट्रेल असेल (सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एनमध्ये 0.15 मिलिग्रॅम असतं) तर ते त्या पुरुषी गुणाकडे झुकणारं. डेसोजेस्ट्रेल त्या मानाने सौम्य. ड्रॉस्पिरेनोन किंवा सायप्रोटेरोन असलेल्या गोळ्या उलट्या बाजूच्या, म्हणजे पुरुषी हॉर्मोनला अडवणाऱ्या, पीसीओएसमध्ये म्हणूनच देतात. बहिणीला ड्रॉस्पिरेनोनवाली दिली. पण ही निवड फुकटात पडत नाही, पैशानेही नाही आणि तब्येतीनेही नाही, कारण रक्ताची गुठळी होण्याचा धोका लेवोनॉर्जेस्ट्रेलवालीपेक्षा यात थोडा जास्त मानतात. आणि ज्यांना डोळ्यापुढे लखलखाट होऊन अर्धशिशी उठते, बीपी आहे, आधी गुठळी झालीय, पस्तिशीनंतर सिगारेट चालू आहे किंवा बाळ अगदी लहान आणि अंगावर पितंय, त्यांनी इस्ट्रोजेनवाली कुठलीच गोळी मनाने घेऊ नये. केमिस्टला विचारून बदलण्याची ही गोष्ट नाही.

हॉर्मोन नकोच असेल तर कॉपर-टी आणि छाया नावाची गोळी. कॉपर-टीमध्ये हॉर्मोन नाही, 380ए दहा वर्षं चालते, 375 पाच वर्षं, सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात. केसांच्या दृष्टीने हीच सगळ्यात साधी वाट असं मलाही वाटलं होतं, पण डॉक्टर म्हणाल्या पहिले काही महिने पाळीत जास्त जातं, तुझं फेरिटिन आधीच 11, म्हणजे एका दाराने हॉर्मोन बाहेर काढून दुसऱ्या दाराने लोह घालवायचं. मग तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, तोवर कंडोम, आणि फेरिटिन चढल्यावरच बसवली. हे मला फार पटलं, आणि हे कुणी सहज सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

छाया म्हणजे जुनी सहेली, लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने शोधलेली, 1991 पासून बाजारात आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्याला एक. गोळीसारखे हॉर्मोन यात नाहीत आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते. मात्र पाळी लांबते, आणि लांबली की दर वेळी धाकधूक. पीसीओएस असेल तर देत नाहीत, त्यामुळे बहिणीसाठी हा पर्याय बादच झाला.

इंजेक्शन, म्हणजे सरकारी अंतरा, तीन महिन्यांतून एकदा. केस गळण्याची आधीच भीती असेल तर मी यापासून लांब राहीन, कारण केस गळणं त्याच्या साइड इफेक्टमध्ये आहे आणि एकदा टोचलं की काढता येत नाही, तीन महिने जे होईल ते सोसायचं. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात हेही धरून चला. हॉर्मोनवाली आययूडी, म्हणजे कॉपर-टीसारखीच आत बसवायची पण हॉर्मोन असलेली, निदान काढता तरी येते. तिच्यातही लेवोनॉर्जेस्ट्रेलच असतं, पण रक्तात फार कमी उतरतं, तरी काहींचे केस गळतात. पण ज्यांना पाळीत इतकं जातं की त्यानेच लोह उतरतंय, त्यांना याच आययूडीने पाळी कमी होऊन फायदाही होऊ शकतो. कंडोमबद्दल काय लिहायचं, केसांना काही नाही, फक्त दर वेळी वापरला पाहिजे आणि ते दोघांनी मनावर घेतलं पाहिजे.

काहीही ठरवा, दुसरी सोय झाल्याशिवाय घाबरून गोळी सोडू नका. आणि गळतीला भिऊन तीच गोळी परत सुरूही करू नका, मी ते करणारच होते, डॉक्टर म्हणाल्या पुढे कधी बंद केलीस की हेच पुन्हा भोगशील.

राहिला मिनॉक्सिडिलचा, म्हणजे केस वाढवायच्या औषधाचा प्रश्न. माझ्यासारख्या गळतीत सहसा गरज पडत नाही, थांबायची तयारी लागते, मला सात महिने लागले आणि आता कपाळाशी बोटभर नवीन केस उभे राहतात, तेल लावलं तरी बसत नाहीत. रबरबँड पुन्हा चार वेढ्यांवर आलाय. बहिणीला मात्र दिलं. पहिल्या महिन्यात उलट जास्त गळाले, ती रडकुंडीला आली, पण ते अपेक्षितच असतं, फरक दिसायला चार ते सहा महिने जातात आणि बंद केलं की आलेले केस हळूहळू जातात. ती दर महिन्याच्या एक तारखेला त्याच ट्यूबलाइटखाली भांगाचा फोटो काढते, कारण आरशात रोज बघून काही कळत नाही. सहाव्या फोटोत भांग थोडा बुजलेला दिसतोय. पण पुढच्या वर्षी चान्स घ्यायचा म्हणतेय, आणि प्रेग्नन्सीत मिनॉक्सिडिल चालत नाही, गोळीही अर्थात बंद होणार, म्हणून कधी काय थांबवायचं हे विचारायला या शनिवारी आम्ही परत दोघी जाणार आहोत, फोटो घेऊन.